भंगारवाला ज्याला हात लावत नाही, तिथून आपलं काम सुरू होतं

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि दोन-तीन महिन्यांत घर रिकामं करायचं आहे. सासूबाईंच्या दोन ट्रंका भरून साड्या आहेत, त्यांत सुती, नायलॉनच्या आणि एक-दोन जरीच्या. शिवाय सासऱ्यांचे टेरीकॉटचे शर्ट-पँट, मोडका सागवानी पलंग, पितळी भांडी, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या (एक तडकलेली), पायांनी चालवायचं शिलाई मशीन, आणि गेल्या काही वर्षांत 'काहीतरी करू' म्हणून जमवलेल्या काचेच्या बाटल्या. ताईंनी व्हिडिओ बरेच पाहिलेत. त्या विचारतात: यातून टिकाऊ असं काय करता येईल, सुरुवात कुठून करू, आणि हात बसला की जुन्या बाजारातून वस्तू आणून विकण्यासाठी काही बनवता येईल का?

ताई, आधी बाटल्यांचं बोलू, कारण तुमचा पहिला हात तिकडेच जाणार. बाटली स्वच्छ असते, आकाराने छान असते, आणि सुतळी, गोंद, सोनेरी रंग आणला की तासाभरात 'काहीतरी केलं' असं वाटतं. पण हिशेब बघा. साधी काचेची बाटली भंगारवाला घेतो. ती धुऊन पुन्हा भरली जाते किंवा वितळून तिची नवी काच होते, आणि हे कितीही वेळा होऊ शकतं. तिच्यावर तुम्ही रंगाचे दोन हात दिले, ग्लू गनने सुतळी गुंडाळली, वर मणी आणि लेस चिकटवली की तिला कोणी विचारत नाही. सहा महिन्यांत सुतळीत धूळ बसते. ती धुता येत नाही, कारण गरम गोंद पाण्याने आणि उन्हाने सुटतो. मग ती सरळ कचऱ्यात जाते. चांगल्या बाटलीचा कचरा आपणच केलेला असतो.

म्हणून माझा पहिला नियम ऐकायला उलटा वाटेल. भंगारवाला ज्या वस्तूला भाव देतो, ती त्याला देऊन टाका. लोखंड, ॲल्युमिनियम, रद्दी, पुठ्ठा, साधी काच यांची वाट आधीच ठरलेली आहे आणि ती आपल्या हस्तकलेपेक्षा चांगली आहे. ज्याला तो तोंड वाकडं करून 'हे नको' म्हणतो, ते आपलं: विरलेलं सुती कापड, तडकलेली चिनी माती, मोडक्या फर्निचरचं लाकूड, टेरीकॉट, उसवलेली गादी. याला एक अपवाद पितळेचा, त्याकडे नंतर येते.

शाळेत 'टाकाऊपासून टिकाऊ' नावाखाली जे करून घेतात, त्यात बहुतेक वेळा टिकाऊपणाच नसतो. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर दिवाळीपर्यंतही उभं राहत नाही. या बाबतीत अरविंद गुप्तांची खेळणी पाहावीत. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं, 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून ते त्रिकोण, चौकोन, घन करून दाखवतात. वर रंग नाही, चमकी नाही. काडी ताठ असते आणि रबर वाकतं, या दोनच गुणांवर सगळं उभं असतं. वस्तू हातात घेतली की मी हेच विचारते: हिच्या अंगात अजून कोणता गुण शिल्लक आहे? सुती साडी विरली तरी तिचा मऊपणा आणि घाम टिपायचा गुण जात नाही, उलट वाढतो. टेरीकॉटचा रंग गेला तरी ताकद जात नाही. सागवानाचा वरचा थर काळवंडला तरी आतलं तेल शाबूत असतं. त्या गुणाला काम मिळालं पाहिजे.

आता साड्यांकडे येऊ, कारण तुमच्या घरात खरा माल तोच आहे.

पहिलं काम निवडीचं. नुसत्या हाताने सुती-सिंथेटिक कळायला सवय लागते, म्हणून धागा जाळून बघा. साडीच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा असे दोन्ही धागे काढा, कारण पुष्कळ साड्यांत एक सुती आणि दुसरा पॉलिस्टर असतो. सुती धागा कागदासारखा जळतो, कागदाचाच वास येतो, आणि बोटात चुरगळणारी राख राहते. पॉलिस्टर-नायलॉन वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. हे मोरीत, पाण्याची बादली शेजारी ठेवून आणि चिमट्यात धरून करायचं.

सुती साड्या गोधडीसाठी बाजूला काढा. नायलॉन आणि जॉर्जेट गोधडीत घालू नका. ते घाम टिपत नाही, थरांत घसरतं, आणि ठिणगी पडली तर अंगाला चिकटतं. त्या साड्या अजून नेसण्याजोग्या असतील तर नेसणाऱ्याला द्या किंवा बोहारणीला द्या. बोहारीण ही आपल्याकडची वापरलेल्या कपड्यांची सर्वांत जुनी आणि सर्वांत हुशार व्यवस्था आहे. एका स्टीलच्या डब्यावर ती साडी नेते, आणि ती साडी कुठल्या तरी बाजारात पुन्हा उभी राहते. फाटलेल्या नायलॉनच्या तीन बोटं रुंद पट्ट्या फाडून, वेणी घालून पायपुसणं करता येतं. पटकन वाळतं, म्हणून मोरीबाहेर उत्तम. एवढंच, यापेक्षा जास्त वेळ त्याच्यावर घालवू नये.

जरीच्या साड्यांना कात्री लावण्याआधी थांबा. जुनी खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. ती मोडीत घेणारे लोक आहेत. साडी घडीवर चिरली नसेल तर तिचे तुकडे करायची घाई करू नका, आधी एखाद्या जाणकाराला दाखवा. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीच्या रेषेवर फाटतं. तशी फाटली असेल तर काठ आणि पदर वेगळे करा आणि मधलं अंग सोडून द्या. विरलेलं रेशीम शिवताना सुईच्या भोकातूनच फाटत जातं. काठ मात्र घट्ट विणलेले असतात. खणाच्या चोळीला, उशीच्या अभ्र्याला, मुलीच्या परकराला ते पुढची वीस वर्षं चालतात. अख्खा पदर असेल तर तो कापण्यापेक्षा गणपतीच्या मखरामागे टाचण्यांवर लावा आणि विसर्जनानंतर परत घडी करून ठेवा. थर्मोकोलवर राज्यात 2018 मध्ये बंदी आल्यापासून मखराला काय वापरायचं हा प्रश्न दरवर्षी येतोच, त्याचं उत्तर तुमच्या ट्रंकेत आहे.

आता गोधडी. कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात कवदी, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी. उत्तर कन्नडातल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका आपल्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचं त्रिकोणी फूल लावतात, ते नसेल तर त्यांच्या लेखी गोधडी पुरी झालेली नसते. पद्धती वेगवेगळ्या, पण विरलेल्या कापडाचे थर धावदोऱ्याने एकत्र बांधायचे हे तत्त्व सगळीकडे एकच. एकेक थर कमजोर असतो. ताण सगळ्या टाक्यांवर वाटला गेला की तोच थर दहा-पंधरा वर्षं अंगावर राहतो.

माप आणि कापडाचा हिशेब आधी करा, नाहीतर मध्येच कापड कमी पडतं. एका माणसाची गोधडी साधारण पाच फूट बाय साडेसात फूट, म्हणजे 60 बाय 90 इंच. सुती साडीचा पन्हा 45 इंच धरा. साडीचे 60 इंच लांबीचे तुकडे कापले आणि दोन तुकडे काठाला काठ जोडले की 60 बाय 90 चा एक थर होतो. शिलाईत जाईल तेवढा इंच-दीड इंच सोडून द्या. साडेपाच मीटरच्या साडीत असे तीन तुकडे निघतात आणि दोन हात कापड उरतं. ते कडेच्या पट्टीला आणि ठिगळांना लागतं. नऊवारीत पाच तुकडे निघतात. पाच थरांची गोधडी करायची तर दहा तुकडे हवेत. म्हणजे कागदावर तीन साड्या आणि वर थोडं कापड. प्रत्यक्षात चार धरा, कारण साडी सगळीकडे सारखी विरत नाही. खालचा काठ टाचांखाली घासून जातो, बसण्याच्या जागी कापड जाळीदार होतं, आणि आत खोचलेला पहिला घेर व पदर चांगले राहतात. साडी उजेडासमोर धरली की हा सगळा नकाशा दिसतो. घट्ट तुकडे वर-खाली लावा, विरलेले आतल्या तीन थरांत. आपल्या आज्या लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग काढून, दंड घालून, म्हणजे उरलेले दोन भाग शिवणीने जोडून, पुन्हा नेसत. तो दंड घातलेला तुकडा मिळाला तर उसवू नका, सरळ गोधडीत वरच्या अंगाला लावा. छान दिसतो, आणि तिथे कापड दुहेरी असतं.

कापण्याआधी सगळ्या साड्या धुऊन घ्यायच्या. धुवायचा सोडा घालून गरम पाण्यात रात्रभर भिजवा, म्हणजे वर्षानुवर्षांची खळ निघते. खळ राहिली की कसर लागते. रंग जातो का हे पाहायला ओला पांढरा रुमाल साडीवर घासा. लाल, मरून, गडद हिरव्याचा डाग रुमालावर आला तर ती साडी दोन-तीनदा वेगळी धुवा. तरीही रंग जात राहिला तर ती या गोधडीत घालू नका. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. गेलेला जास्तीचा रंग धुतला जातो एवढंच त्यातलं खरं, कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही.

मग फरशी पुसून खालचा थर उलटा अंथरा, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा. पूर्वी पाटा-वरवंटा ठेवत, आता डंबेल्स ठेवा. एकेक थर टाकताना मधून कडेकडे हात फिरवून हवा काढा. सगळे थर पडले की मोठ्या कच्च्या टाक्यांनी मधून बाहेर टाचून घ्या, वीतभर अंतरावर. याचा कंटाळा करू नका. खरी शिवण आपण कडेपासून आत चौकोनात घेत जातो. टाचण नीट नसेल तर कापडाचा सगळा झोळ सरकत सरकत मध्यभागी जमतो, आणि शेवटी तिथे चुणी पडते, ती पुन्हा निघत नाही.

धावदोऱ्याचा टाका पाव इंचाचा, ओळींत बोटभर अंतर. लहान मुलांसाठी करत असाल तर अंतर आणखी कमी, कारण ती रोज धुवायची. दोरा सुतीच घ्या. भल्या भल्या शिवणाऱ्या बायका इथे पॉलिस्टरचा दोरा वापरतात, 'तुटत नाही' म्हणून. तोच तर त्याचा दोष आहे. ताण आला की दोघांपैकी एकाला तुटावंच लागतं. दोरा तुटला तर दहा मिनिटांत टाके घालता येतात. दोरा कापडापेक्षा चिवट असला की तो मऊ सुती कापड कापत जातो, आणि मग तो थर गेला. सुई लांब, मध्यम जाडीची. दाभण नको, मोठी भोकं पडतात. अंगुस्तान घाला.

मशीनवर करू का, असं तुम्ही विचाराल. करता येते, आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गोधड्या मशीनच्याच असतात. मशीनची टीप घट्ट बसते, गोधडी कडक होते आणि सुती कापडाच्या थरांत जी हवा राहायला हवी ती राहत नाही. माझ्या मते तुकडे जोडायला आणि कडेची पट्टी लावायला मशीन, अंगभर धावदोरा हाताचाच. तयार गोधडी कोरडी दीड-दोन किलोची होते आणि भिजली की एकटीला पिळवत नाही. म्हणून दुहेरी पलंगाच्या मापाची पहिली गोधडी कुणीही करू नये. बाळासाठी चौघडी करा, हात बसेल.

टेरीकॉटचं काम सोपं आहे. शर्टाची पाठ आणि पँटचे पाय हे मोठे सलग तुकडे. त्यांच्या भाजीच्या पिशव्या करा. सुती साडीची भाजीची पिशवी करू नका, दोन किलो बटाट्यात तळ ताणतो. हवी तर टेरीकॉटच्या पिशवीला आतून सुती साडीचं अस्तर लावा. बंद खांद्यावर न जोडता तळाखालून फिरवून आणायचा, म्हणजे वजन शिवणीवर न पडता बंदावर पडतं. पँटचे खिसे कापू नका, पिशवीच्या आत तसेच लावा. शर्टाची बटणं मात्र आधी काढून डबीत टाका.

गादीचा कापूस असेल तर तो टाकून देऊ नका. पिंजून घेतला की पुन्हा उशांना, लोडांना चालतो. पिंजारी आता गल्लीतून फिरत नाहीत, पण गादीवाल्यांकडे पिंजण्याचं यंत्र असतं.

आता लाकूड. पलंग मोडका म्हणजे बहुधा सांध्यात मोडलेला असणार, फळ्या चांगल्या असतील. प्रत्येक फळी वाजवून बघा. पोकळ बोदा आवाज आला तर आत वाळवी आहे. टाचणीएवढी भोकं आणि खाली ताजी पिवळट भुकटी दिसली तर भुंगा अजून जिवंत आहे, ती फळी इतरांपासून लगेच वेगळी करा. सागाचं आतलं गडद लाकूड वाळवी सहसा खात नाही, कडेचं फिकट लाकूड खाते. त्यामुळे फळी कडेने खाल्लेली असली तरी मधला भाग पुष्कळदा शाबूत निघतो. सुतार जुनं लाकूड रंध्याखाली घ्यायला नाखूष असतात, त्याचं कारण आत मोडून राहिलेले खिळे. एका खिळ्यात रंध्याचं पातं जातं. म्हणून सुताराकडे नेण्याआधी चुंबक फिरवून सगळे खिळे शोधून काढा. मग तो नाही म्हणणार नाही, आणि मजुरीही नीट लावेल. त्या पलंगातून काय करायचं? आडव्या दांड्यांचं भिंतीवरचं पुस्तकांचं फळकुट, फळ्यांचं बसायचं बाकडं, लहान तुकड्यांचे पाट. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, पितळी मुठी असतील तर त्या जपून ठेवा. तशा घडणीच्या आता नव्याने मिळणं कठीण.

घासण्याआधी एक गंभीर गोष्ट. लाकडावर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 90 भाग, ही मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्यांत, शिसं भरपूर असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग ओला करून, मास्क लावून खरवडायचा, खाली प्लॅस्टिक अंथरायचं आणि निघालेला लगदा गोळा करून बांधून टाकायचा. घरात रांगणारं मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात नकोच. रंगवलेली जुनी खेळणी, पाळणे बाजारातून आणून मुलांना देऊ नका, कितीही सुंदर असले तरी.

बिनरंगी, नुसतं पॉलिश केलेलं लाकूड असेल तर 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220, नेहमी रेषेच्या दिशेने. वर बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन पातळ हात, किंवा चपड्याचं (लाखेचं) पॉलिश. चपडा लवकर वाळतो आणि पुढे दुरुस्त करता येतो, पण गरम कपाचा पांढरा डाग त्यावर पडतो. टेबलाला तेल बरं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते पसरून बाहेर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका. सुतारांना हे माहीत असतं, व्हिडिओत कुणी सांगत नाही.

शिलाई मशीन. खाली बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नक्षीदार सांगाडा आणि त्यावर काचेचं टेबल हे सध्या प्रत्येक उपाहारगृहात दिसतं. माझं मत विचाराल तर चालू मशीनचं टेबल करणं हा गुन्हा आहे. आधी तेल घाला, पट्टा बदला, एखाद्या जुन्या मेकॅनिकला दाखवा. ही काळी मशीनं बहुतेक वेळा नुसती आखडलेली असतात. आणि तुम्हाला गोधडीचे तुकडे जोडायला मशीन लागणारच आहे. डोकं खरोखर गेलं असेल तरच सांगाडा वेगळा करा. रॉकेल आणि तारेच्या ब्रशने गंज काढून, रेड ऑक्साइड लावून रंगवा. घर हलवताना तो आपटू देऊ नका. बीड वाकत नाही, तुटतं, आणि त्याचं वेल्डिंग सगळ्यांना जमत नाही.

पितळेचा अपवाद म्हटलं होतं, तो हा. पितळ मोडीत दिलं की वजनावर पैसे मिळतात आणि धातू वितळून पुन्हा वापरात येतो, म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे ते द्यायला हवं. पण घडवलेलं घंगाळ, ठोक्याचं पातेलं, नळीचा तांब्या यांत धातूच्या किमतीखेरीज कारागिराचं काम असतं. मोडीच्या भावात ते फुकट जातं. म्हणून भांडं भांडं म्हणूनच ठेवा. घंगाळाला भोक पाडून त्याचा दिवा करणं मला पटत नाही. एका भोकानं ते कायमचं भांडेपण गमावतं. चिंच आणि मिठाने घासा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं पुसा. स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हई करून घ्या, नाहीतर आंबट पदार्थात पितळ उतरतं. कल्हई म्हणजे नवसागर टाकून तापल्या भांड्यात फिरवलेलं कथील. ते 232 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही.

तडकलेल्या बरणीत लोणचं पुन्हा घालू नका, तडीत बुरशी राहते. तिची कुंडी करा. तळाला भोक पाडायला टाइल्सचं डायमंड बिट, ड्रिलचा ठोकणारा मोड बंद, वेग कमी, आणि भोकावर सतत पाण्याची धार, दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगून. घाई केली तर बरणीचे दोन भाग होतात. तसे झालेच, किंवा घर आवरताना कपबशा फुटल्याच, तर तुकडे गोणपाटात गुंडाळून हातोडीने बारीक करा आणि कुंडीवर किंवा बाल्कनीच्या कठड्यावर पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवा. चंदीगडचं रॉक गार्डन नेक चंद यांनी अशाच फुटक्या चिनी माती, बांगड्या आणि टाकून दिलेल्या वस्तूंतून उभं केलं. आधी कित्येक वर्षं लपूनछपून, आणि 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. त्यात सिमेंटचा वाटा फार मोठा आहे हे लक्षात घ्या. तुकड्यांची मजा तेव्हाच येते जेव्हा ते एखाद्या भक्कम गोष्टीत रुतलेले असतात. पुठ्ठ्यावर फेविकॉलने लावलेले चिनी मातीचे तुकडे पावसाळ्यात गळून पडतात.

राहिला प्रश्न बाजारातून आणून विकण्याचा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेच्या बाजूला जुना बाजार भरतो, मुंबईत चोरबाजार आहे. जाताना खिशात एक चुंबक ठेवा. 'पितळ आहे' म्हणून दाखवलेल्या वस्तूला तो चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसतं पाणी. वस्तू उलटी करून तळ बघा, सांध्यांवर डाग लावलेत का बघा. भाव करताना ती कशासाठी हवी हे सांगू नका. 'दिवा करायचाय' म्हटलं की ती लगेच 'ॲंटिक' होते. कापड किंवा गादीवजा काही आणलं तर घरात न्यायच्या आधी ढेकणांचा बंदोबस्त. धुता येत असेल तर 60 अंशांच्या पाण्यात. लाकडी वस्तूच्या फटी टॉर्च लावून बघा, काळे ठिपके दिसले तर आणूच नका.

पण खरं सांगायचं तर तुमच्याकडे पुढची दोन वर्षं पुरेल एवढा माल घरातच आहे. बाजारात जाण्याची सवय ही वस्तू साठवण्याची सवय कधी होते ते कळत नाही, आणि नव्या घरात तुम्हाला आधीच जागा कमी असणार. जोवर एक वस्तू पुरी होत नाही तोवर दुसरी आणायची नाही, एवढं बंधन मी स्वतःला घालून घेतलं आहे.

विक्रीत सगळ्यांत मोठी अडचण किमतीची. गिऱ्हाईक धरून चालतं की जुन्या साडीला किंमत नाही, म्हणजे गोधडी स्वस्त हवी. साडी फुकट असेल, पण निवडणं, धुणं, उसवणं यात जेवढा वेळ जातो तेवढा नव्या कापडात जात नाही. हाताचे तास लिहून ठेवा, खरेखुरे. तुमच्या भागात शिवणकामाला जी रोजंदारी चालते ती त्या तासांना लावा, दोरा-पट्टीचा खर्च मिळवा. जो आकडा येईल तो बघून तुम्हाला स्वतःलाच धक्का बसेल. त्या आकड्याला घेणारे थोडे असतात, पण असतात. बाकीच्यांसाठी पिशव्या, उशीचे अभ्रे, चौघड्या करा. मोठी गोधडी मागणीवरच, आणि शक्यतो ज्यांच्या घरच्या साड्या आहेत त्यांच्यासाठीच. स्वतःच्या आईच्या साड्यांची गोधडी करून घेणारा माणूस किमतीवर घासाघीस करत नाही.

तुमच्या तारखा पाहता मी क्रम असा लावेन. या आठवड्यात भंगारवाला आणि बोहारीण. बाटल्यासुद्धा जाऊ द्यात, चार ठेवा तेल-पाण्याला. मग सुतार बोलावून पलंग सुटा करून घ्या, कारण फळ्या हलवायला सोप्या पडतात, अख्खा पलंग नाही. साड्या इथेच, जुन्या घरात धुऊन घ्या. गच्ची अजून तुमच्या ताब्यात आहे आणि ऊन आहे. शिवायचं काम नव्या घरी गेल्यावर. तडकलेली बरणी मात्र ट्रकमध्ये टाकू नका, मांडीवर घेऊन जा.